पूजेची टोपली

ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही. लोखंड लाल होतं, पिवळं होतं, हात लावू नकोस म्हणून माणसाला दुरूनच सांगतं. ॲल्युमिनियम भट्टीत जातं तसंच बाहेर येतं. पांढुरकं, शांत, नुकतं दुकानातून आणल्यासारखं. हात लावला तर मात्र कातडी तिथेच राहते. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

अंकासाठी नोकरीबद्दल लिहा, असं आपल्या मराठी मंडळाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काय लिहू? आयुष्यभर धातूचे तुकडे घासले. निपाणीला मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, लग्न होऊन बेंगळुरूला आले, नवरा लवकर गेला आणि पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाडू मारायला लागले. झाडूवरून घासण्यावर कशी आले ते सांगत बसत नाही. आधीचा माणूस सोडून गेला आणि माझे हात मोकळे होते, एवढंच. गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिथल्या बऱ्याच गोष्टी विसरले. एक विसरता येत नाही, ती लिहिते.

पण आधी काम काय होतं ते सांगायला हवं.

धातू म्हणजे एकसंध गोळा नव्हे. तो दाण्यांचा असतो. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. दाण्याला दाणा चिकटलेला. धातूत गूळ नसतो, पण दोन दाणे जिथे टेकतात तिथे एक सीमा असते, शेताच्या बांधासारखी. चांगल्या धातूवर भार आला की दाणे स्वतः थोडे ताणले जातात, लांबतात, आणि तो मोडायच्या आधी वाकून दाखवतो. बांध खराब असले तर दाण्यांना काही होत नाही, ते धडधाकट राहतात, आणि धातू दाण्यादाण्यांच्या मधून सुटतो. वाकत नाही, आवाज करत नाही. मोडतो.

हे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून माझ्यासारखी माणसं लागतात. तुकडा पाणी सोडत सोडत कापायचा, म्हणजे तो तापत नाही. रेझिनच्या वडीत बसवायचा. मग पॉलिश पेपरवर घासायचा, आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर पेपरला वडी आडवी फिरवायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. ॲल्युमिनियम मऊ असतं. जोर दिला की ते लोण्यासारखं पसरतं आणि खालचं सगळं झाकून टाकतं. शेवटी मखमलीसारख्या कापडावर हिऱ्याची पेस्ट लावून घासायचं. माझ्या अंगावर कधी हिरा आला नाही, बोटांवर रोज असायचा. तुकडा आरशासारखा झाला की ॲसिडमध्ये बुडवायचा. ॲसिड आधी बांध खातं, म्हणून तिथे रेघा उमटतात. क्षणभर जास्त ठेवलं तर चांगल्या धातूचे बांधही जाड दिसायला लागतात. मग पाणी, स्पिरिट आणि केस वाळवायचा ड्रायर. तो ड्रायर पाहून एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "अक्का, इथे पार्लरपण आहे का?" मी म्हटलं, "आहे. या, आधी घासून घ्या."

पुढचं काम वीणा मॅडमचं. त्या डॉक्टरेट झालेल्या, मूळच्या म्हैसूरच्या. मी पाटी लख्ख पुसून द्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचं वाचायच्या त्या. मला त्या रेघा दिसायच्या, पण त्यांचा अर्थ त्या सांगतील तोच. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं, इथे मी मराठीत लिहिते आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गाडीचं अलॉय व्हील खड्ड्यात फोडून आणायचे आणि खड्डा नव्हता असं लिहून मागायचे. पुण्याहून इथे आयटीत आलेला एकजण मोडकं सायकलचं हँडल घेऊन आला. मी मराठी आहे कळल्यावर काउंटरवरच बसला. "काकू, इम्पोर्टेड सायकल आहे, मटेरियल डिफेक्टच असणार, तुम्ही फक्त कन्फर्म करा." हँडल मोडलं होतं ते घंटी बसवायला त्यानेच पाडलेल्या भोकापाशी. मॅडमनी तसं लिहून दिलं. तो म्हणाला, "पण घंटी खूप छान होती हो." अशी माणसं आली की बरं वाटायचं. कुणाला काही झालेलं नसायचं.

रेणुका आली त्या दिवशी तसं नव्हतं.

आनेकलहून दोन बस बदलून ती कुबड्यांवर आली होती. तिशीची असेल. हनुवटीवर टाके, काळेनिळे झालेले. डावा पाय गुडघ्याखाली नाही, लहानपणीच गेलेला. कृत्रिम पाय होता तो मोडून पिशवीत. घोट्याच्या वर एक ॲल्युमिनियमचा जोड असतो, मुठीएवढा. वरची नळी आणि खालचं पाऊल त्यात बसवतात. हलका हवा, म्हणून तो लोखंडाचा करत नाहीत. त्याच जोडाचे दोन तुकडे झाले होते. पाय ज्या कंपनीचा, तिनेच तपासणी करून घ्यायचं ठरवलं होतं, पण रेणुकाने मोडका पाय त्यांच्या हातात द्यायला नकार दिला. माझ्यासमोर कापा, म्हणाली. म्हणून ती एकीकडे बसली आणि कंपनीचे क्वालिटीचे साहेब दुसरीकडे.

साहेब म्हणाले, "हा जोड सहसा मोडत नाही. उडी मारली असेल, वजन उचललं असेल. गैरवापर झाला तर कंपनी काय करणार?"

मी करवत लावता लावता विचारलं, "कशी पडलीस गं?"

"उतरले."

"उडी मारून?"

"अक्का, बस उभी होती. कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता. मी उतरले. पाय खाली टेकला आणि पाय नव्हताच."

साहेब हसले नाहीत, पण चेहरा तसाच होता. रेणुका कपड्यांच्या फॅक्टरीत चेकिंगला होती, दिवसभर उभ्याने काम. तिथे तिला सांगितलं होतं, जपून चालता येत नसेल तर घरी बस. घरीही तेच, जपून उतरायचं ना. कंपनीने गैरवापर असं लिहिलं असतं तर तिचा पायही गेला असता आणि नोकरीही.

मोडलेला भाग मी हातात घेतला. चांगलं ॲल्युमिनियम मोडतं तेव्हा कडेला थोडं ओढलं गेलेलं असतं, तुटलेली जागा राखाडी, मऊ दिसते. इथे कुठेच वाक नव्हता. गुळाची ढेप फोडल्यावर आतून दिसते तशी दाणेदार जागा. मॅडमनी भिंगातून बघितलं आणि भिंग साहेबांच्या पुढे धरलं.

मी तुकडा घासून, ॲसिड देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्या जाड रेघा. दाण्यादाण्याभोवती, काजळाने कोरल्यासारख्या.

मॅडम म्हणाल्या, "अक्का, ॲसिड जास्त झालं का?"

"नाही."

"परत करा."

परत केलं. ॲसिडमध्ये घातला न घातला असं करून काढला. रेघा तशाच. तिसऱ्यांदा दुसऱ्या जागेचा तुकडा कापला. तोपर्यंत मी वैतागले होते. "आता ॲसिड नुसतं दाखवून आणू का त्याला?" म्हटलं. मॅडम हसल्या, पण तिसरा तुकडा बघून हसू गेलं.

मग त्यांनी रेणुकाला, साहेबांना आणि मला समजावलं. या जातीच्या ॲल्युमिनियममध्ये जस्त, मॅग्नेशियम, तांबं मिसळलेलं असतं. भट्टीत तापवलं की ते सगळं दाण्यात विरघळतं, साखर गरम पाण्यात विरघळते तसं. मग तो माल भट्टीतून काढून ताबडतोब थंड पाण्यात बुडवायचा. ताबडतोब म्हणजे हातातलं सगळं सोडून. तसं केलं तर विरघळलेलं दाण्यातच अडकून राहतं आणि पुढे त्यानेच ताकद येते. बाहेर हवेत रेंगाळला, तर ते निघून बांधांवर जाऊन बसतं. बांध ठिसूळ होतात. वर पायातला घाम, पावसाचं पाणी तेच बांध खात राहतं. वरून काही दिसत नाही. कडकपणा मोजला तर काठावर पास होतो.

"म्हणजे ही पडली नाही," मी म्हटलं. "हिला पाडली."

मॅडम म्हणाल्या, "अक्का, आपण एवढंच लिहायचं की माल पाण्यात जायला उशीर झाला."

साहेबांना ते पटलं नाही. घासण्यात चूक असेल, म्हणाले. घासणाऱ्या बाई किती शिकल्या आहेत, असंही विचारलं. मॅडमनी उरलेला तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगितला. तिथेही त्याच रेघा आल्या. तेव्हा कंपनी म्हणाली, ठीक आहे, एखादा तुकडा असा निघतो. रेणुकाला नवा जोड देऊ. विषय संपला.

मॅडमना तो संपलेला वाटत नव्हता. भट्टीत एकटा तुकडा जात नाही. टोपली भरून जाते. एक वाईट असेल तर टोपली वाईट, आणि टोपलीतले बाकीचे कुणाच्या तरी पायात आहेत. पण कारण सापडल्याशिवाय कंपनी ते परत मागवणार नव्हती. तसं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. परत मागवलं की बाजारात नाव जातं.

भट्टी कुणाची, ते विचारल्यावर होसकोट्याचा पत्ता मिळाला, आणि तो माझ्या ओळखीचा निघाला. शंकरअण्णांचा कारखाना. आपल्या समाजातलं जुनं घर. त्यांची आई ताराबाई आणि मी मंडळाच्या हळदीकुंकवाला शेजारी बसत आलो. मंडळात पुष्कळांना ते ओळखीचे असतील, म्हणून नाव बदलून लिहिते आहे. त्यांना ठाऊक आहे की मी लिहिते आहे.

मॅडम एकट्याच तिथे जाऊन आल्या. शंकरअण्णांनी त्यांच्यासमोर भट्टी उघडली. दार वर, साखळीवरची टोपली बाहेर, सरळ पाण्याच्या हौदात. पापणी लवायच्या आत. कामगार सराईत, हौद भट्टीच्या पायाशीच. मॅडम आल्या त्या कपाळाला हात लावून. "इतकं नीट काम मी क्वचित पाहिलंय, अक्का. इथे उशीर होणं शक्य नाही."

आमच्या रेघा खऱ्या आणि त्यांची भट्टीही खरी. त्यापुढे कुणाला काही सुचेना. रेणुका नवा जोड लावून प्रयोगशाळेत दाखवायला आली. पेढे घेऊन. चालून दाखवलं, काउंटरपासून दारापर्यंत आणि परत. मी म्हटलं, "नवरी झालीस." ती म्हणाली, "फॅक्टरीत परत घेतलं अक्का, पण सुपरवायझर रोज विचारतो, आज जपून आलीस ना?" आणि हळूच म्हणाली, "कधीकधी वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी पेढा खाल्ला. तिच्या पायाकडे बघून मला काहीही वाटलं नाही. नवा होता ना.

शंकरअण्णा मात्र दुखावले होते. मंडळाच्या एका कार्यक्रमात मला गाठून म्हणाले, "अक्का, तुमच्या मॅडमनी आमच्या कामाला नाव ठेवलं. तुम्ही घरच्या. आयुधपूजेला या कारखान्यात, स्वतः बघा. आमच्याकडे लपवायला काही नाही." ताराबाई शेजारून म्हणाल्या, "येच तू. पहिली टोपली माझ्या हातची असते."

मी गेले. इथे आयुधपूजा म्हणजे काय ते बेंगळुरूत राहणाऱ्याला सांगायला नको. कारखान्यांत पूजा दसऱ्याच्या आधी, कामाच्याच दिवशी उरकून घेतात. दाराला केळीचे खांब, यंत्रांना हळदकुंकू, शेवंतीच्या माळा, दाराशी फोडायला कुंकू भरलेला कोहळा. भट्टी धुऊनपुसून नवरदेवासारखी सजवलेली. पाण्याच्या हौदाच्या काठाने फुलं, आणि वर हळदीचं स्वस्तिक. हौदाला ते लोक गंगा म्हणतात. कामगार नवे शर्ट घालून, बायकापोरं घेऊन आलेले. चुरमुरे, खोबरं, बुंदीची ताटं मांडलेली. मला बरं वाटलं. आपल्या माणसाचा कारखाना असा उभा आहे याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

शंकरअण्णा मला म्हणाले, "पूजेच्या टोपलीत मी ऐरागैरा माल घालत नाही, अक्का. ते पायाचे जोड आहेत ना, तेच ठेवतो. त्यांचा माल वर्षातून एकदाच येतो. म्हटलं, कुणी तरी त्याच्यावर उभं राहणार आहे, देवासमोरूनच जाऊ दे. गेल्या वर्षीही तेच केलं. पुण्याचं काम."

मी मान डोलावली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

भट्टीचं दार वर गेलं. साखळीने टोपली बाहेर ओढली आणि हौदाच्या वर आणली. आणि थांबवली.

ताराबाई तबक घेऊन पुढे झाल्या. टोपली हवेत लटकलेली. आत जोडच जोड, पांढुरके, शांत, स्वच्छ, शोकेसमध्ये मांडल्यासारखे. ताराबाईंनी ओवाळायला सुरुवात केली. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मीही धरल्या. कुणीतरी फोटोसाठी म्हणालं, "स्वल्प तडी, अज्जी," जरा थांबा आजी, आणि ताराबाई हसून थांबल्या. नारळ फोडला. पाणी हौदात सोडलं. परत तबक हातात घेतलं. मी गर्दीच्या पुढे होते. माझ्या उजव्या गालाला धग लागत होती. भट्टी तर डावीकडे होती, दार बंद झालेलं.

टाळ्या वाजवता वाजवता मी त्या धगीकडे मान वळवली. ती टोपलीतून येत होती.

काय होतंय हे मला डोक्यात कळायच्या आधी माझ्या तोंडून ओरडणं निघालं. "पाण्यात टाका! अहो, पाण्यात टाका ते!"

आरती बंद पडली. साखळी धरलेला माणूस शंकरअण्णांकडे बघत राहिला. एक बाई मला धरायला पुढे आली, मला चक्कर आली असं तिला वाटलं. मी साखळीवाल्याच्या दंडावर चापट मारली तेव्हा त्याने हात सोडला. टोपली पाण्यात गेली. रोज म्हणे पाणी असं उसळतं की मागे सरावं लागतं. त्या दिवशी थोडं खळखळलं आणि गप्प झालं.

ताराबाई तबक घेऊन तशाच उभ्या. "मध्येच ओरडलीस गं. असं करतात का?"

"ताराबाई, टोपली बाहेर काढून किती वेळ झाला?"

"आरतीपुरताच. नेहमीएवढाच."

नेहमीएवढाच. शंकरअण्णांचा चेहरा मी बघत होते. या माणसाने वर्षभर रोज टोपल्या पापणी लवायच्या आत पाण्यात टाकल्या होत्या. उशीर केला तर माल बाद, हे त्यांनीच कामगारांना शिकवलं होतं. तेच पूजेच्या दिवशी हात जोडून, डोळे मिटून उभे राहत होते. कामात चूक त्यांनी केली नसती. पण पूजा हे त्यांच्या लेखी काम नव्हतं, म्हणून तिथे घड्याळ नव्हतं. माल लाल झालेला असता तर एखाद्याच्या लक्षात आलंही असतं.

ते भिंतीला टेकले. "गेल्या वर्षीही असंच..." म्हणाले. "अय्यो. गेल्या वर्षीची ती एकच टोपली. कंपनीला वर्षभर तोच माल पुरला."

तोच माल. कंपनीने रेणुकाला नवा जोड दिला तो कुठून दिला असेल? गोदामातल्या त्याच खोक्यातून.

मी तिथेच उभी राहून फोन लावला. तिच्या फॅक्टरीतही पूजा चालू होती, मागे नादस्वराची रेकॉर्ड.

"रेणुका, कुठे आहेस?"

"रांगेत, प्रसादाला. अक्का, ऐकू येत नाही नीट."

"खाली बस."

"काय?"

"होतीस तिथे खाली बस आणि पाय काढ."

"आत्ता? नवी साडी नेसलीय अक्का, सगळे बघतायत."

"बघू देत. बस आणि पाय काढ. त्यावर एक पाऊल टाकायचं नाही."

ती म्हणाली, "हा पण?"

"हा पण."

मागून कुणाचा तरी आवाज आला, काय झालं, पडलीस का. आणि ती त्याला म्हणाली, "नाही. बसलेय."

इकडे शंकरअण्णा माझ्या समोर येऊन उभे राहिले. हात जोडायच्या बेतात होते, मी जोडू दिले नाहीत. "अक्का, हे बाहेर गेलं तर आम्ही संपलो. आपण आपसात बघू. यंदाची टोपली मी वितळवून टाकतो. बाहेर कशाला?"

मी म्हटलं, "बाहेर आहेच. लोकांच्या पायात आहे."

ताराबाई तोपर्यंत तबक खाली ठेवून स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "माझ्या ओवाळण्याने झालं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नाही हो, तसं नाही. मी म्हटलं, "ओवाळण्याने नाही. ओवाळण्यापायी टोपली लटकवून ठेवली, त्याने झालं."

त्या मुलाला म्हणाल्या, "शंकर, फोन लाव कंपनीला. तू नाही लावलास तर ही लावेल, आणि ही नीट बोलणार नाही."

शंकरअण्णांनी फोन लावला. माझ्यासमोर, सगळ्या कामगारांसमोर, पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. दारातला कोहळा त्या दिवशी कुणी फोडला नाही.

पुढचं भराभर झालं. यंदाच्या टोपलीतले तुकडे मी घासले, त्यातही त्याच रेघा निघाल्या. मॅडमनी नवा अहवाल लिहिला. कारण सापडल्यावर कंपनीला पळवाट राहिली नाही. ज्यांना ज्यांना ते जोड गेले होते त्यांना बोलावून घेतलं. जोड परत यायला लागले तसे ते आमच्याकडे खोक्यातून यायचे. प्रत्येकाला माणसाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. एक शाळेतल्या शिपायाचा, एक येलहंक्याच्या भाजीवाल्याचा, एक कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा, तिने त्यावर लाल नेलपॉलिशने फूल काढलेलं. मी ते फूल जपून बाजूने कापलं. का, ते मला सांगता येणार नाही. तुकडा परत देणार नव्हते.

क्वालिटीचे साहेब एकदा आले तेव्हा माझ्या टेबलाशी थांबले. मी म्हटलं, "चौथी शिकले." त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

शंकरअण्णांचं ते काम गेलं. कारखाना आहे, चालतो. हळदीकुंकवाला ताराबाई आता माझ्या शेजारी बसत नाहीत, समोर बसतात. बोलतात, पण समोरून. त्यांची जागा रिकामी दिसली की मला बरं वाटत नाही, हे लिहून टाकते. पण त्या दिवशी ओरडले याचं वाईट वाटत नाही. आधीच्या वर्षांत पूजेच्या टोपलीत काय असायचं, असं मी शंकरअण्णांना विचारलं होतं. मोटारसायकलचे भाग, म्हणाले. कुठले, कुणाचे, त्यांना आठवत नव्हतं. रस्त्यावर मोटारसायकल शेजारून गेली की अजूनही मला ते उत्तर आठवतं.

रेणुकाचा जोड शेवटी आला, कारण तिने तोही कंपनीला द्यायला नकार दिला. स्वतः घेऊन आली, कुबड्यांवर. हनुवटीवरच्या टाक्यांचे वण आता पांढरे झाले होते. "माझ्यासमोर कापा," म्हणाली, पहिल्यासारखंच.

तो जोड बाहेरून नवाच होता. मी त्यावर चीर शोधायचा लाल रंग लावला, पुसला, पांढरी पावडर टाकली. बोल्टच्या भोकापासून एक केसाएवढी लाल रेघ उमटली आणि वळून पलीकडे गेली. मी मॅडमना हाक मारली. कापला, घासला, ॲसिड दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती चीर दाण्यांच्या कडेकडेने गेलेली, एकही दाणा न फोडता, कुणी वाट दाखवल्यासारखी. अर्ध्याच्या पुढे गेली होती. फॅक्टरीत उभं राहून, आनेकलच्या बसमधून रोज चढून उतरून, आणि प्रसादाच्या त्या रांगेपर्यंत ती इथवर आली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर हाही मोडला असता.

रेणुका म्हणाली, "मला दाखवा."

मॅडम उठल्या आणि तिला खुर्ची दिली. तिने एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. कुबडी घसरून खाली पडली तरी मान वर केली नाही.

"ही काळी रेघ?"

"हो."

"पहिल्या पायात पण हीच होती?"

"हीच."

"म्हणजे मी बसमधून नीट उतरले होते."

"नीट उतरली होतीस," मी म्हटलं.

तिने मान वर केली. रडली वगैरे नाही. पर्समधून फोन काढला आणि मॅडमना म्हणाली, याचा फोटो काढून द्या. सुपरवायझरला दाखवायचा आहे.